अष्टमीचं पाणी

लिस्बनच्या विमानतळावर आईच्या पिशवीतून
सोड्यांची पुडी निघाली, सात पदरी बांधलेली.
अधिकाऱ्याने वास घेतला, मान फिरवली,
पुडी डब्यात गेली.
"खाऊन बग बोल त्याला. टाकू नको."
मी भाषांतर केलं नाही.

पासपोर्टवर ती सुंदर धाकू कोळी,
जन्मतारीख एक जून, मास्तरांनी ठरवलेली.
दिवाळ्याच्या बंदरावर चाळीस वर्षं पाटी लावली.
मी बेलापुरात, सेक्टर पंधरा, बँकेत,
डब्यात कधी बोंबील न नेणारी.

माझ्याकडे यादी होती:
मठ, मनोरा, निळ्या फरशांचं संग्रहालय,
उतारावरची पिवळी ट्राम.
तिने पहिल्या सकाळी नदी पाहिली.
तेजूच्या काठावर नाक जरा वर केलं,
बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.
"आज अष्टमी हाय. भांगाचा पानी.
जास्ती सरायचा नाय."
मी फोनमध्ये तक्ता शोधला.
खरंच, त्या आठवड्यातलं
सगळ्यात आळशी पाणी होतं ते.

दुपारी एका बोळात सुक्या मासळीचं दुकान.
छतापर्यंत रचलेला बाकल्याउ,
फळ्यांसारखा, मिठाने पांढराफटक.
मी रुमाल शोधत होते,
आई पदर खोचून आत.
शेपटीशी दाबून पाहिलं, उलटून पाहिलं.
"यो मावरा कवऱ्याला?"
म्हाताऱ्या दुकानदाराने बोटं दाखवली.
तिने त्यातली दोन मिटवली.
त्याने हसत एक परत उघडलं.
भाव तिथेच तुटला,
माझं कार्ड नंतर आलं.

जेवायला तारल्या, निखाऱ्यावर भाजलेल्या,
अंगावर जाडं मीठ.
मी वेटरसाठी वाक्य जुळवत होते
तेवढ्यात ती म्हणाली, "पाव."
पाव आला.
ती जरा वेळ पावाकडे बघत राहिली,
मग माझ्याकडे,
मग मोठ्याने, परीक्षा घ्यावी तशी,
"बटाटा."
बटाटा आला, उकडलेला, वर तेलाची धार.
"मंग यवरी तुजी इंग्रजी कनाला?"

बेलेंच्या मनोऱ्यापाशी लांब रांग.
दगडात कोरलेले दोरखंड,
पाण्यात पाय सोडून बसलेला मनोरा.
तिकिटं मी महिनाभर आधी काढलेली.
ती बाहेरच्या कठड्यावर बसली ती उठेना.
"टेहळणीचा हाय ना?"
हो.
"कुनाच्या होऱ्या मोजायचं?"

मी माहितीचा फलक दोनदा वाचला.
राजाचं नाव होतं, वर्ष होतं,
एका गेंड्याचाही उल्लेख होता.
होड्या नव्हत्या.
एक तिकीट वाया गेलं.
वरून मी हात केला,
ती पाण्याकडे बघत होती.

परत आल्यावर सोमवारी
कंडक्टर ओरडला, "किल्ला, किल्ला!"
वीस वर्षं मी या थांब्यावर उतरते.
किल्ला म्हणजे सिग्नल, रिक्षा, उसाचा रस.
मागे कुठेतरी एक बुरूज आहे
झाडाच्या मुळांनी मुठीत धरलेला,
एवढंच ऐकून होते.
रविवारी गेले, एकटी.
रांग नव्हती. एक कुत्रं होतं, झोपलेलं.
वरच्या दगडावरून खाडी दिसायला हवी होती,
मध्ये इमारती, मग खारफुटी,
मग पाण्याची एक चीर.
तिच्यातून होड्या गेल्या.
तीन.
मोजून झाल्यावर लक्षात आलं
की मी मोजल्या.
घाईघाईने खाली उतरले.

घरी बाकल्याउ दोन दिवस भिजत पडलेला.
आईने चार वेळा पाणी बदललं,
चिंच, लसूण, आपला मसाला घालून आंबट केलं.
पहिला घास तोंडात घोळवत म्हणाली,
"याचा मीठ सुटत नाय."
आणि ताटातला पाव
माझ्याकडे सरकवला.